तपासणीचा आठवडा

खुर्चीवाल्यांच्या अंगात सगळ्यात धडधाकट काही असेल तर तो त्यांचा डावा गुडघा. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, कान आपल्या सोयीने ऐकत होते, दात तर केव्हाच एकामागून एक निरोप घेऊन गेले होते. पण पंधराएक वर्षांपूर्वी बसवलेला तो धातूचा आणि प्लॅस्टिकचा गुडघा जसाच्या तसा होता. जिना उतरताना कधीमधी टक् करायचा, एवढंच. बाकी तक्रार म्हणून नाही. आणि नेमकी हीच त्या वर्षी त्यांची अडचण होऊन बसली.

खुर्चीवाले म्हणजे खुर्च्या विकणारे नव्हेत. जुन्या खुर्च्या, कोच, बसच्या सीटा ते नव्याने मढवून द्यायचे. हे काम गुडघे टेकून करायचं. कोच उलटा पाडायचा, त्याच्या पोटाशी बसायचं, बारीक खिळे तोंडात धरायचे आणि एकेक काढून कापड ताणत ठोकत जायचं. तोंडात सदा खिळे, म्हणून माणसाला बोलायची सवयच लागली नाही, असं त्यांची बायको म्हणायची. "ह्यांच्याकडून एक वाक्य काढायचं तर आधी खिळे ओंजळीत घ्यावे लागतात!" अशी वर्षानुवर्षं काढल्यावर गुडघ्यातली कूर्चा झिजून गेली आणि हाडावर हाड घासायला लागलं. रात्री कूस बदलताना ते दात आवळून धरायचे. शेवटी साठीच्या आसपास त्यांनी ऑपरेशन करून घेतलं.

बेकरीवाल्या बाई भेटल्या त्या तिथेच, हॉस्पिटलच्या व्यायामाच्या खोलीत.

लांबट खोली, एका भिंतीला मोठा आरसा, मध्ये धरून चालायच्या दोन दांड्या. कडेला उंच पलंग. त्यावर बसून पाय खाली सोडायचा आणि गुडघा वाकवायचा. ऐकायला सोपं, पण वाकवताना प्राण कंठाशी यायचे. खुर्चीवाले आपले डोळे मिटून, खाली मान घालून बसले होते. शेजारच्या पलंगावरून आवाज आला,

"अहो, गुडघा वाकवा म्हणतायत. मान नव्हे."

त्यांनी डोळे उघडले. आरशात एक ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई त्यांच्याकडे बघत होती. कपाळावर घामाचे थेंब, पण तोंड चालूच.

"कुठला तुमचा?"

"डावा."

"माझा उजवा. बरं झालं बाई. दोघांचा मिळून एक माणूस तरी धड निघेल."

खुर्चीवाल्यांना हसू आलं, आणि हसण्याच्या नादात गुडघा कालच्यापेक्षा चार बोटं जास्त वाकला. तेव्हापासून बाई त्यांना 'डावे' म्हणायला लागल्या. "काय डावे, आज रडून झालं का व्यायाम व्हायचाय?" बाईंची बेकरी होती. नवरा मागेच गेला होता, मुलाच्या जोडीने त्या भट्टी सांभाळायच्या. भट्टीचं तोंड जमिनीलगत, त्यामुळे पावांचे पत्रे आत सारायचे, बाहेर ओढायचे, सगळं गुडघ्यांवर बसून. म्हणजे दोघांचं दुखणं तसं एकाच घरचं.

हॉस्पिटलने त्या साली नव्या बनावटीचे सांधे बसवायला घेतले होते. ते किती टिकतात हे बघायचं, म्हणून त्या वेळच्या सगळ्यांना दरवर्षी एका ठरावीक आठवड्यात तपासणीला बोलवायचे. एक्स-रे काढायचा, पाय ताठ करायचा, वाकवायचा, चालून दाखवायचं. तासाभराचं काम, पण एक्स-रेच्या खोलीबाहेर बाकावर बसावं लागायचं ते अर्धा दिवस. इतर लोक त्या बाकाला शिव्या घालायचे. खुर्चीवाले मात्र आदल्या दिवशी केस कापून घ्यायचे.

बाकावर काय बोलायचे म्हणाल, तर गुडघ्याबद्दलच.

"टेकवून पाहिलात कधी?" बाई विचारायच्या.

"पाहिला. खाली कुणीतरी गोट्या पसरून ठेवल्यासारखं वाटतं."

"मला तर माझा टेकलाय की शेजारणीचा, तेच कळत नाही. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला सगळं बधिर. परवा गरम पत्रा टेकला तर वास आल्यावर समजलं."

"मग आता भट्टीशी कसं करता?"

"बुटकं स्टूल घेतलंय. पाय पुढे पसरून बसते, राणीसारखी. तुम्ही?"

"मी कोचच टेबलावर चढवतो."

"म्हणजे तुम्ही वर गेलात आणि मी खाली राहिले."

एका वर्षी बाकाच्या रेक्झिनचा कोपरा उसवलेला दिसला. खुर्चीवाल्यांना ते काही बघवेना. पुढच्या वर्षी ते खिशात वाकडी सुई आणि मेणाचा दोरा घालूनच आले. बाईंनी दोन्ही कडा चिमटीत धरल्या, त्यांनी टाके घातले. "जरा सैल सोडा," "आता ओढा," एवढंच ते बोलले. बाईंची बोटं भट्टीने करपलेली, टोकांना चरे पडलेली होती. ती बोटं त्यांना पुढे वर्षभर आठवत राहिली. पण हॉस्पिटलवाल्यांनी लवकरच तो बाक काढून लोखंडी खुर्च्यांची रांग आणली. दोन खुर्च्यांच्या मध्ये एकेक दांडा. आपल्या धंद्यातली वस्तू असूनही खुर्चीवाल्यांना त्या खुर्च्या कधी आवडल्या नाहीत.

बायको वारली त्या वर्षीही तपासणी आली. खुर्चीवाले रांगेत बसले आणि बाईंनी "काय डावे?" म्हटल्यावर त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "ही गेली." नातेवाईक, शेजारी, सगळ्यांचं तोवर खूप काही बोलून झालं होतं. बाईंनी पिशवीतून एक पाव काढला, मधून तोडला आणि अर्धा त्यांच्या हातात दिला. दोघं तो चावत बसले. खुर्चीवाले त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर रडले, पण घरी गेल्यावर.

वर्षं अशी गेली. बोलावणं येणाऱ्यांतली माणसं एकेक करून गळत गेली. मोठे डॉक्टर निवृत्त झाले, त्यांच्या जागी तरुण डॉक्टर आले. त्यांनी दोघांचे एक्स-रे उजेडावर धरले आणि खुशीत सांगितलं, "झकास! हे सांधे तुमच्यापेक्षा जास्त टिकणार."

"मग मृत्युपत्रात कुणाच्या नावावर करायचे?" बाईंनी विचारलं. डॉक्टर हसता हसता खोकायला लागले.

त्याच दिवशी जाता जाता बाई म्हणाल्या होत्या, "येऊन जा कधी बेकरीत. गरम पाव खायला घालते."

"हो," खुर्चीवाले म्हणाले. कुठे, ते विचारायचं राहिलं. राहिलं कसलं, जीभच उचलली नाही. सत्तरीच्या विधुराने परक्या बाईचा पत्ता विचारायचा म्हणजे काय? घरी येताना त्यांनी मनाची समजूत घातली, पुढच्या वर्षी विचारू, वर्ष काय, आलंच.

वर्ष आलं. बोलावण्याचं कार्ड मात्र आलं नाही. आला तो फोन.

हॉस्पिटलातून एक मुलगी बोलत होती. आता नवीन पद्धत सुरू झाली आहे, म्हणाली. फोनवरच प्रश्न विचारायचे, ज्यांचं ठीक आहे त्यांनी यायची गरज नाही. "एवढ्या लांब हेलपाटा कशाला घालायचा, काका? थेट पाच वर्षांनी बोलावू."

पाच वर्षांनी! खुर्चीवाले कोचाच्या सांगाड्यावर टेकले.

"चालताना दुखतं का?"

"नाही."

"सूज येते?"

"नाही."

"जिना चढता येतो?"

"येतो." एकेक उत्तर देताना, आपण आपल्याच हाताने दार लोटून घेतोय असं त्यांना वाटत होतं.

"आता शेवटचा प्रश्न. गुडघा बदललेला आहे, हे तुम्ही कधी विसरून जाता का? म्हणजे दिवसभरात त्याची आठवणच होत नाही, असं?"

खुर्चीवाले खरं तेच बोलले. "नाही. रोज आठवण येते."

"म्हणजे त्रास होतो का?"

"होतो," ते म्हणाले. आणि एकदा घसरलेला माणूस जसा तळाशी जाऊनच थांबतो, तसं पुढे म्हणाले, "दुखतो. फार दुखतो."

मुलीने ताबडतोब तारीख दिली. फोन ठेवायच्या आत त्यांनी धीर करून विचारलं, "बाकीचे... तेही त्याच दिवशी येणार?"

"ज्यांना त्रास आहे ते सगळे, हो."

त्यानंतरचे दिवस खुर्चीवाल्यांना स्वतःचीच लाज वाटत राहिली. कारण आता बाई भेटायच्या तर बाईंचा गुडघा दुखायला हवा होता. कापड ताणताना मध्येच मनात यायचं, थोडासा दुखू दे. अगदी थोडा. मग ते हातोडी खाली ठेवायचे आणि पाणी प्यायला उठायचे. ज्या माणसाने आपल्याला अर्धा पाव दिला, त्याचं वाईट चिंतायचं? आणि तरी पुन्हा खिळा ठोकताना तेच.

सूनबाईच्या कानावर फोनची गोष्ट गेली आणि तिने सोबत यायचं जाहीर केलं. "एवढं दुखतंय आणि घरात अवाक्षर नाही? बाबा, तुम्ही म्हणजे ना!" मग काय, लंगडणं आलं. खुर्चीवाले बसच्या थांब्यापर्यंत लंगडले. सूनबाई मागून चालत होती. थोड्या वेळाने शांतपणे म्हणाली, "बाबा, ऑपरेशन डाव्या पायाचं झालंय ना?"

"हो."

"मग लंगडताय उजव्या पायाने."

खुर्चीवाल्यांनी पाय बदलला. सूनबाई बसमध्ये त्यांच्याकडे तिरक्या नजरेने बघत राहिली.

लोखंडी खुर्च्यांवर पाच-सहा अनोळखी माणसं होती. बाई नव्हत्या. जिन्यावर पाऊल वाजलं की खुर्चीवाले मान वर करायचे. एकेकाचं नाव पुकारलं गेलं, रांग सरली. बाई आल्या नाहीत. म्हणजे त्यांचा गुडघा चांगला आहे, त्यांनी स्वतःला बजावलं. चांगलंच झालं. आणि त्या चांगल्याने त्यांच्या छातीत असं काही खचलं, की आत जाताना ते खरोखरच नीट चालू शकले नाहीत.

डॉक्टरांनी एक्स-रे पुन्हा पुन्हा पाहिला. गुडघा दाबला, फिरवला. "चित्र तर उत्तम आहे. पण तुम्ही म्हणता दुखतो. मग आत जंतुसंसर्ग तर नाही ना, हे बघायला हवं. रक्त तपासू, आणि सुईने सांध्यातलं थोडं पाणी काढू. गरज पडली तर उघडून पाहावं लागेल."

ट्रेमध्ये सुई आली. सुईची भीती खुर्चीवाल्यांना नव्हती, जन्म सुयांत गेला होता. पण सूनबाईचा चेहरा पांढरा पडला होता, तिने त्यांचा हात घट्ट धरला होता. तो हात बघून त्यांना राहवलं नाही.

"दुखत नाही," ते म्हणाले.

"काय?"

"गुडघा. कधीच दुखला नाही. त्या बेकरीवाल्या बाई... उजवा गुडघा त्यांचा. दरवर्षी यायच्या."

डॉक्टरांनी सुई खाली ठेवली, नाक चोळलं. रागवावं की काय करावं, हे त्यांनाही ठरवता येईना. "काका, दुसऱ्या पेशंटचा पत्ता मला देता येत नाही," ते शेवटी म्हणाले. "नाहीतर दिला असता."

बाहेर आल्यावर सूनबाई त्यांच्या शेजारी बसली. आता ऐकून घ्यावं लागणार म्हणून खुर्चीवाल्यांनी मान खाली घातली.

"बेकरी कुठे आहे?"

"माहीत नाही."

"इतकी वर्षं बोलताय आणि माहीत नाही?"

"नदीपलीकडे आहे. समोर आगीचा बंबखाना आहे. बंब निघाला की घंटेने मुलगा दचकतो आणि पावांचा पत्रा पाडतो. दाराला दोन पायऱ्या आहेत, वरची फुटलेली. भट्टी मागच्या भिंतीला."

सूनबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. "बाबा, ह्याला माहीत नसणं म्हणत नाहीत. नदीपलीकडे बंबखाना एकच आहे. उठा. आणि आता कुठल्याच पायाने लंगडू नका."

बेकरी सापडायला वेळ लागला नाही. खुर्चीवाले रस्त्याच्या अलीकडे, बंबखान्याच्या भिंतीशीच थबकले. काचेतून बाई दिसत होत्या. बुटक्या स्टुलावर, पाय पुढे पसरून, भट्टीकडे तोंड करून बसलेल्या. केस जवळजवळ सगळे पांढरे झाले होते. दुकानात गिऱ्हाईक शिरलं तशा त्या उठल्या. उठल्या, पण निघाल्या नाहीत. टेबलाची कड धरून तशाच उभ्या राहिल्या, गिऱ्हाइकाकडे पाठ करून. मग तोंड आवळून एक पाऊल, दुसरं, तिसरं, चौथं. गल्ल्यापाशी पोहोचेपर्यंत चाल सरळ झाली होती आणि चेहऱ्यावर नेहमीचं हसू आलं होतं.

खुर्चीवाल्यांनी ती पावलं मोजली. आपण मागितलं होतं, ते हे.

ते आत गेले. फुटकी पायरी त्यांनी न बघताच ओलांडली.

"अगं बाई, डावे!" बाईंच्या हातातला पाव हातातच राहिला. "वाट चुकलात की काय? आणि ही कोण?"

"सून मी त्यांची," सूनबाई म्हणाली. "तुम्ही भेटाल म्हणून ह्यांनी हॉस्पिटलात गुडघा दुखतो अशी थाप मारली. थोडक्यात वाचले, डॉक्टर सुई खुपसणार होते."

बाई हसायला लागल्या. हसता हसता पदर डोळ्यांना लावला, तर गालाला पीठ लागलं. "काय माणूस आहे! मला आला होता हो फोन. मी सांगितलं, ठणठणीत आहे."

"ठणठणीत नाही," खुर्चीवाले म्हणाले.

बाईंचं हसू थांबलं.

"पहिली चार पावलं दुखतात. मग कमी होतं. मी बाहेरून बघितलं. मोठे डॉक्टर सांगायचे ना, बसून उठल्यावर पहिली पावलं दुखायला लागली तर समजायचं सांधा हाडातून सैल होतोय, ताबडतोब यायचं."

"तुमच्या बरं लक्षात राहिलं."

"माझ्या सगळं लक्षात आहे," खुर्चीवाले म्हणाले. बोलून झाल्यावर त्यांचे कान लाल झाले. सूनबाई बरणीतली बिस्किटं निरखायला लागली.

बाई स्टुलावर बसल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "कळत का नाही मला? गेले आठ-दहा महिने आहे. पण ह्या वयात पुन्हा फाडून घ्यायचं? जुना उपटायचा, नवा ठोकायचा, पुन्हा त्या पलंगावर बसून वाकवायचा. पहिल्या वेळी निदान चेष्टा करायला कुणीतरी होतं. आता शेजारी कोण असणार? कुणीतरी परकं पोरगं, कानात वायरी घातलेलं."

"मी येईन."

"तुम्ही कशाला? तुमचा तर चांगला आहे."

"म्हणूनच येता येईल."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग उठायला हात पुढे केला. तो टेबलाकडे केला होता की खुर्चीवाल्यांकडे, सांगता येणार नाही. पण खुर्चीवाले जवळ होते, त्यांनी धरला. पहिली चार पावलं ते बाईंबरोबर चालले. मग हात सुटला.

पुढच्याच आठवड्यात बाई हॉस्पिटलात आल्या. खुर्चीवाले आधीच येऊन बसले होते, गुडघ्याचा कागद नाही, फाईल नाही, काही नाही. डॉक्टरांनी ह्या वेळी एक्स-रे हसत धरला नाही. नडगीच्या हाडात बसवलेला खालचा भाग सैल झाला होता, मधलं प्लॅस्टिक झिजलं होतं. बदलायला हवा, जेवढ्या लवकर तेवढं बरं.

"आणि हा दुसरा किती टिकेल?" बाईंनी विचारलं.

"पहिल्याएवढा टिकेलच असं सांगता येत नाही. लक्ष ठेवायला लागेल. तुम्हाला फोनवर नाही चालणार, दरवर्षी इथे यावं लागेल."

दाराशी उभ्या असलेल्या खुर्चीवाल्यांच्या मनात ते ऐकून काहीतरी उजळलं, आणि उजळलं म्हणून ते पुन्हा शरमले. बाईंचं हाड पोकळ होतंय आणि आपण वर्षं मोजायला लागलो! त्यांनी नजर जमिनीवर वळवली. दोघांच्या उरलेल्या वर्षांची बेरीज कशी केली तरी ती फार होत नव्हती.

बाहेर थांब्यावर बाईंची बस आधी आली. वाहकाने हात देऊन त्यांना वर घेतलं. खिडकीपाशी बसून त्यांनी काच सरकवली.

"डावे, ऑपरेशनच्या दिवशी सकाळी लवकर या. उशीर केलात तर ह्या वाहकदादांच्याच हातून वाकवून घेईन गुडघा, तुमच्यासाठी थांबणार नाही."

खुर्चीवाल्यांना खूप बोलायचं होतं. ओठ हललेही. पण बस सुटली, आणि त्यांना फक्त मान हलवता आली. बस पुलाकडे वळली, मग पुलावर लहान होत गेली. त्यांची स्वतःची बस येऊन गेली, तरी ते तिथेच उभे होते.